आबांनी केलेला नातीचा व्यायाम

माझा आवाज मोठा आहे हे आधीच सांगून ठेवते. धुळ्यात मी जन्मले तेव्हा माझ्या पहिल्या रडण्याने शेजारच्यांच्या फळीवरची पितळी भांडी खाली आली, असं आई सांगायची. पुढे तर मी फैजपुरात शिंकले की बोदवडच्या स्टेशनात गाडी थांबायची. यात लोकांनी थोडी भर घातली असेल. मी स्वतः फारशी घातलेली नाही.

तर अशी ही मी, मुंबईला शिकून व्यवसायोपचाराची पदवी घेतली आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जळगावात आले. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत मिळून हे काम करणारी मी एकटीच, असं मी भेटेल त्याला सांगत असे. ते खोटं ठरवायला दुसरी कुणी असती तर आली असती की पुढे.

काम काय, हे सांगताना मात्र माझा मोठा आवाजही तोकडा पडे. "बाई, व्यवसाय कोनता देता तुमी?" असं विचारून एक गृहस्थ किराणा दुकानाच्या आशेने तासभर बसून राहिले होते. मग मी एक सोपं उत्तर तयार केलं. मुलाला जे करायचं असतं, म्हणजे लिहिणं, बटण लावणं, डब्याचं झाकण उघडणं, वर्गात ताठ बसणं, ते त्याला स्वतःला करता यावं म्हणून त्याच्या अंगाशी, त्याच्या वस्तूंशी आणि त्याच्या माणसांशी भांडायचं. अंग आणि वस्तू लवकर ऐकतात. माणसांना वेळ लागतो.

एका दवाखान्याची मागची खोली मला मिळाली होती. आठवड्यातले दोन दिवस मी एसटीने यावल, रावेरकडच्या शाळांत जायची. पिशवीत सायकलची जुनी ट्यूब, कात्री, सुतळी, वाटाणे, कोटाची मोठाली बटणं. त्या मार्गावरचा कंडक्टर मला बरेच दिवस पंक्चर काढणारी समजत होता. एकदा गाडीचं चाक बसलं तेव्हा त्याने सगळ्यांसमोर मलाच खाली उतरायला सांगितलं.

फैजपूरच्या अलीकडे एक गाव होतं. चारी बाजूंनी केळीच्या बागा इतक्या दाट की गाव आहे असं आधी ऐकू यायचं आणि मग दिसायचं. तिथल्या प्राथमिक शाळेत दिवाळीनंतर गेले तर चौथीचे गुरुजी वाटच बघत होते. उंच, वाळके, पांढऱ्या टोपीचे. त्यांनी एका मुलीकडे बोट दाखवलं.

"ही बघा. तोंडी विचारा, सगळं येतं. बावीसचा पाढा उलटा म्हणते. पण लिहायला बसवली की संपलं. आळशी म्हणावी, तर तशी वाटत नाही. काय आहे ते तुम्ही सांगा."

नऊ वर्षांची मुलगी. दोन घट्ट वेण्या, डोळे मोठे आणि चौकस. जन्मली तेव्हा उशिरा रडली होती, हे तिच्या आईकडून मला नंतर कळलं. अंग सैल. जमिनीवरच्या पट्टीवर मांडी घालून बसली की पाच मिनिटांत ती शेजारणीच्या खांद्यावर कलायची. शेजारीण सरकली की ही थेट जमिनीवर. पेन्सिल धरायची ती मुठीत, कुणी हिसकावून नेईल अशी. दोन्ही हातांची आपसात ओळखच झालेली नव्हती. उजवा लिही आणि डावा मांडीवर पाहुण्यासारखा बसून राही, त्यामुळे वही सरकत सरकत शेजारणीच्या हद्दीत जायची. बाकीच्यांची पाच उत्तरं होईपर्यंत हिची तारीख लिहून झालेली असे.

"एप्रिलात वार्षिक परीक्षा," गुरुजी म्हणाले. "पाचवी फैजपूरच्या मोठ्या शाळेत. तिथे हिच्यासाठी कोण थांबणार? पेपर लिहून झाला नाही तर मला वर पाठवता यायचं नाही. आणि नापास झाली तर बाप म्हणतो, पुन्हा चौथीत नको, घरीच राहू दे."

हे सगळं मुलीच्या देखत. तिने वहीतून मान वर केली आणि शांतपणे म्हणाली, "मी पाचवीत जाईन. मायनं दप्तर शिवून ठेवलं हाये."

त्या दप्तरासाठी मी कंबर कसली.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. आजोबा, म्हणजे सगळ्या गावाचे आबा. आई, वडील, काका, काकू, असं भरलेलं घर. मी ओट्यावर बसून भाषण ठोकलं. मुंबईत आम्हाला शिकवताना रंगीत रबरी लगदे, खुंट्या, खास चेंडू होते. इथे ते कुठून आणणार? पण घरात नजर टाकली तर माझी सगळी हत्यारं तिथे पडलेली. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं पीठ: रोज वीस वेळा दाबायचं, तळवे आणि खांदे घट्ट होतात. कापसाची बोंडं: रोज पाच बोंडांतून अंगठा आणि दोन बोटांनी कापूस ओढून काढायचा, म्हणजे पेन्सिल धरायची तीच चिमूट. केळीच्या खांबाचं वाळलेलं सोपट: त्याची दोरी वळायची, म्हणजे एक हात वळतो तेव्हा दुसऱ्याला धरून ठेवावंच लागतं. मी एक वही दिली. जे झालं त्यापुढे बरोबरची खूण करायची.

आणि उठताना बोलून गेले, "हे औषध समजा. चुकवायचं नाही. घरातल्या सगळ्यांनी मिळून मनावर घ्या."

हे शेवटचं वाक्य मी बोलले नसते तर ही गोष्टच झाली नसती.

महिन्याने गुरुजींकडून ती वही माझ्या हाती आली. उघडली आणि माझी छाती फुगली. रोजचं सगळं झालेलं! वीसच्या जागी चाळीस, पाच बोंडांच्या जागी टोपलीभर. पानंच्या पानं खुणांनी भरलेली. असं आज्ञाधारक घर मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी एसटीत मी कंडक्टरला ती वही दाखवली.

पुढच्या आठवड्यात वही परत देऊन मुलीला लिहायला बसवलं. मूठ तीच, कलणं तेच, वही तशीच शेजारणीकडे निघालेली.

एवढा कापूस वेचून बोटांत चिमटीएवढा जोर येऊ नये? रात्रीच्या रात्री मी माझी जाडी पुस्तकं चाळली. त्यात केळीच्या सोपटाबद्दल काहीच नव्हतं.

पुढच्या खेपेला मी न कळवता गेले. सकाळची वेळ. अंगणात पाऊल टाकलं आणि जागीच थांबले. ओट्यावर आबा, जिभेचं टोक दातांत धरून सोपटाची दोरी वळत होते. त्यांच्याभोवती दोरीचा एवढा ढीग की आबा विहिरीत बसल्यासारखे दिसत होते. काका मान खाली घालून बोंडं सोलत होते. काकू परातीत पीठ असं तिंबत होत्या की परात अंगणभर फिरत होती. आणि मधोमध बाजेवर, भुईमुगाच्या शेंगा खात, आमची रुग्ण. हातात वही, कानावर पेन्सिल.

"काका, तुमची राह्यली चार बोंडं," ती म्हणाली.

रागावले की माझ्या तोंडून धुळ्याची बोली बाहेर पडते. "हाई काय शे, आबा!" मी ओरडले. बागेतले पक्षी उडाले. ते दोन दिवस परत आले नाहीत असं काका सांगतात.

आबा दचकले नाहीत. दोरी बाजूला ठेवून म्हणाले, "बसा बाई. पोर थकते ना व्यायामानं. म्हनून आमी वाटून घेतलं."

"वाटून? व्यायाम तिचा!"

"तिचाच हाये. तिच्या नावानं करतो." मग त्यांनी मला समजावलं, लहान मुलीला समजवावं तसं. "पोरगं आजारी असलं, तर उपास कोन धरते? माय धरते. गुन कोनाले येते? पोराले. नवस मी बोलतो, बरा नातू होते. मंग व्यायामच कायले लागू नही होनार? तुमीच म्हने, सगयं घर मिळून करा."

मी मदतीसाठी काकूंकडे वळले. अशी वेळ माझ्यावर फार वेळा आलेली नाही.

"गुन तर आला, बाई," काकू म्हणाल्या. "आबांची बोटं पाहा. दोन वर्षं झाली, सदऱ्याचं बटन आमी लावत होतो. आता सोता लावते."

आबांनी गळ्याचं बटण काढून लावून दाखवलं. खरोखर, त्या घरात एक उत्तम उपचार चाललेला होता. फक्त चुकीच्या माणसावर.

मी बाजेवर मुलीशेजारी बसले, निराश होऊन वही चाळू लागले. आणि तेव्हा, एवढी शिकलेली मी, महिनाभर न पाहिलेली गोष्ट मला दिसली. मी खुणा मोजल्या होत्या, खुणा पाहिल्या नव्हत्या. पहिल्या पानावरच्या खुणा कोंबडीने पाय पुसल्यासारख्या. कागद दोन ठिकाणी फाटलेला. दहाव्या पानावर त्या रेघेवर उभ्या राहायला लागलेल्या. शेवटच्या पानावर एकेक खूण नेमकी, छोटी, आपापल्या चौकटीत.

"या खुणा कुणी केल्या?"

"मी," ती म्हणाली. "नही तं हे लोक बसून राह्यते, बाई. काका तं लबाडच हाये."

अख्ख्या घराकडून काम करवून घेण्याच्या नादात पोरीने रोज पन्नास वेळा पेन्सिल धरली होती, आणि धरतेय हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं! व्यायाम म्हटला की ती थकायची. हुकूम सोडायचा म्हटलं की तिला हात यायचे.

मी आबांकडे वळले. आवाज खाली आणला, म्हणजे फक्त पुढच्या गल्लीपर्यंत ऐकू जाईल इतका. "आबा, तुमचं बरोबर आहे. नवस तुमचा. पण फेड कुणाच्या हातची?"

आबांनी विचार केला. "ज्याले गुन येते त्याची."

"मग नवस नीट बोला. नात पाचवीत गेली, तर आखाजीला तिच्या हातचा मांडा खापरावर पडेल."

काकू हसून हसून परातीवर ओणव्या झाल्या. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि आमच्याकडे मांडा म्हणजे काय, हे खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते. चुलीवर मातीचं खापर पालथं घालायचं, पुरण भरलेला गोळा लाटण्याशिवाय नुसत्या दोन हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत मोठा करायचा आणि खापरावर टाकायचा. दोन हात, दोन खांदे, पाठ, डोळे, सगळ्यांनी एकाच वेळी एकमेकांचं ऐकायचं. सासरी आलेल्या बायकांना तो जमायला वर्षं लागतात.

"बोललो," आबा म्हणाले. आबांनी शब्द दिला म्हणजे विषय संपला.

"आणि ही आजपासून मुकादमीण," मी मुलीकडे पाहून जाहीर केलं. "पण मुकादमाने आधी स्वतः करून दाखवायचं असतं. नाहीतर मजूर ऐकत नाहीत. पहिली दहा बोंडं तुझी. दोरी ओढून बघायची, तुटली तर नापास. पीठ दाबून बघायचं, कच्चं असेल तर तू तिंबून दाखवायचं. मग खूण."

आता यात खोटं काही नव्हतं. पोळीला लावतो तसं थोडं वरून पीठ लावलं, इतकंच.

त्या दिवसापासून त्या घरावर तिचं राज्य आलं. काकूंचं पीठ रोज कच्चं निघू लागलं, आणि रोज ती बाह्या वर करून परातीशी बसू लागली. आबांची दोरी दोन्ही हातांनी ताणून बघायला तिला फार आवडे. पहिल्या आठवड्यात तिच्या हाताने दोरी नुसती हलायची. होळीपर्यंत तिने एक तोडली. आबांनी ती तुटलेली दोरी खुंटीला टांगून ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली.

राहिली शाळा. जमिनीवर बसून तिचं अंग सावरावं म्हणून तिला भिंतीशी बसवलं, खाली गोणपाटाची घडी दिली. लिहायला उतार हवा होता. तो मला फैजपुरातल्या एका कापसाच्या अडतीवर सापडला. गादीवर मुनीमजी, पुढ्यात त्यांची उतरत्या झाकणाची लाकडी पेटी. मांडी घालून दिवसभर लिहिणाऱ्या माणसासाठी कुणीतरी कधीच शोध लावून ठेवला होता. मुनीमजींकडे तशी एक जुनी पडून होती. ती मी डोक्यावर घेऊन एसटीत चढले. कंडक्टर म्हणाला, "बाई, पंक्चरचं सोडून सुतारकी धरली का?" पेन्सिलीवर ट्यूबचा तुकडा चढवला, म्हणजे जाडही झाली आणि घसरेनाशीही.

एवढं गुरुजींनी मान्य केलं. पण परीक्षेत जास्त वेळ द्यायचा म्हटल्यावर त्यांनी टोपी सरळ केली.

"एकीला अर्धा तास जास्त, मग बाकीच्या पोरांवर अन्याय नाही?"

"गुरुजी, एक काम करा. फळ्यावर शाळेचं नाव लिहा."

"त्यात काय?"

"त्यात हे." मी त्यांची पाचही बोटं चिंध्यांनी गुंडाळली, बोंडासारखी. मग कापूस भरलेलं गोल पोतं फळ्यासमोर ठेवलं आणि त्यावर त्यांना उभं केलं. वर्ग श्वास रोखून बघत होता. गुरुजींनी खडू उचलला, तो पडला. उचलला, पडला. पोतं डावीकडे, गुरुजी उजवीकडे. 'जिल्हा परिषद' मधला 'जि' त्यांनी काढला तो उडी मारणाऱ्या बेडकासारखा दिसत होता. एव्हाना पोरं मोठ्याने आकडे मोजू लागली होती. तीनशेला 'परिषद' झाली. पाचशेला गुरुजींची टोपी पडली. ती पडली तेव्हा सगळ्यात आधी उठून ती आणून द्यायला आमची मुकादमीण गेली.

"घाई नका करू गुरुजी," ती म्हणाली. "घाई केली की अजून वाकडं येते."

गुरुजी पोत्यावरून उतरले, बोटांच्या चिंध्या सोडवू लागले.

"अर्धा तास पुरेल का?" त्यांनी तिला विचारलं. मला नाही, तिला.

"पुरवते," ती म्हणाली.

एप्रिल आला. आमच्याकडचा एप्रिल म्हणजे पेन्सिलीतलं शिसं पातळ होऊन कागदावर आपोआप ओघळतं, असा. शेवटच्या पेपराला मी शाळेबाहेर कडुनिंबाखाली बसले होते. सबंध वेळ एक शब्द बोलले नाही. आयुष्यात मी केलेलं सगळ्यात अवघड काम ते. शेजारी आबा दोरी वळत होते. मी काही म्हटलं नाही. त्या दिवशी मला वाटत होतं, कोण जाणे, लागू होतही असेल.

बाकीची पोरं ओरडत बाहेर आली. अर्धा तास गेला. मग ती आली. वेण्या सुटलेल्या, बोटं काळी, मान ताठ.

"झालं?" मी आणि आबा एकदम.

"शेवटचा प्रश्न राह्यला." आबांच्या हातातली दोरी थांबली. "अर्धाच," ती म्हणाली. "मला पानी द्या."

एक मेला झेंडावंदन झालं की निकाल. मी सकाळच्या पहिल्या गाडीने गेले. गुरुजींनी नावं वाचायला घेतली. त्यांचा आवाज बारीक; ते काम मला दिलं असतं तर रावेरलाही निकाल कळला असता. तिचं प्रगतिपुस्तक त्यांनी तिच्या हातात दिलं, तिच्या वडिलांच्या नाही. वडिलांनी तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि बराच वेळ सरळ झाले नाहीत. उत्तीर्ण. इयत्ता पाचवीत पाठवण्यात यावे. आणि खाली गुरुजींच्या वळणदार हातात शेरा: अक्षर सुधारावे.

मी तो शेरा चार वेळा वाचला. अक्षर सुधारायला आधी अक्षर असावं लागतं.

आखाजीला अर्थातच मला बोलावणं होतं. पहिला मांडा तिच्या हातांवरून चुलीत गेला. दुसरा खापरावर पडला, पण त्याला तीन भोकं होती आणि एका बाजूने तो खापरापेक्षा मोठा झाला. काकू काही बोलणार तेवढ्यात आबांनी हात वर केला. "नवस फिटला," ते म्हणाले, आणि तो मांडा त्यांनी दुधात कुस्करून सगळा संपवला. मी त्या दिवशी किती मांडे खाल्ले हे सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, म्हणून सांगत नाही. त्यातले बरेच भोकांचे होते, एवढंच.

जूनमध्ये मोठ्या शाळेत जाऊन मी तिची पेटी बाकावर बसवून आले, पाय लोंबू नयेत म्हणून खाली दोन विटा ठेवल्या. तिथल्या बाईंना काय सांगायचं हे मी ठरवून गेले होते, पण ते सगळं तिने आधीच सांगून टाकलं होतं. दप्तर तेच, आईने शिवलेलं, गळ्यात तिरपं.

दिवाळीच्या सुमारास दवाखान्यात माझ्या नावाचं पोस्टकार्ड आलं. ओळी उजवीकडे उतरत गेलेल्या, शेवटची तर जवळजवळ कार्डाबाहेर निघालेली. 'बाई, मी पहिल्या बाकावर बसते. इथे कोणी थांबत नाही पण मी मागे राहत नाही. काका आता बोंडं सोलत नाहीत. आबा अजून रोज दोरी करतात, नको म्हटलं तरी ऐकत नाहीत. मी त्यांना खूण देते.'

मी ते उलटून पाहिलं. पत्ताही तिनेच लिहिलेला. माझं नाव, दवाखाना, गल्ली, जळगाव. आमच्या भागातला पोस्टमन नवा होता. तो त्या मुलीला ओळखत नव्हता, मला ओळखत नव्हता, आबा आणि त्यांची दोरी त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्याने नुसतं वाचलं आणि बरोबर माझ्या दाराशी येऊन उभा राहिला.